मंत्रिमहोदय, आठवीच्या वहीतली वाक्यं तपासणार कोण?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या घाटातल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवी मिळून सतरा मुलं आहेत. १५ मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की मंजूर शिक्षक शून्य. त्या हिशेबात आमच्या भाषेच्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि गेल्या. गावानं आरडाओरडा केला तेव्हा एका मोठ्या साहेबांनी गावात येऊन, शाल-नारळ घेऊन, ‘दिवाळीच्या आत शिक्षक देतो’ असं सगळ्यांसमोर सांगितलं. दिवाळी झाली. शिक्षक नाही. शाल मात्र साहेबांकडेच आहे.

बाई काय करत होत्या ते मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या कागदावर ते फक्त ‘पद’ आहे. माझी मुलगी सहावीत गेली तेव्हा तिला ढीगभर स्पेलिंगं पाठ होती आणि वाक्य एक येत नव्हतं. ‘मी शाळेत जाते’ला ती ‘आय स्कूल गो’ लिहायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, पोर तसंच मांडणार. बाईंनी फळ्यावर चौकोन आखले: कोण, काय करतं, कशाला, कुठे, कधी. आधी चौकोन भरा, मग वाक्य उतरवा. ‘शाळेत’मधला ‘त’ आपल्याकडे शब्दाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत ‘टू’ किंवा ‘इन’ शब्दाच्या पुढे येऊन उभा राहतो, हे मला या वयात कळलं. ‘आय ॲम गो’ हा तर सगळ्या वर्गाचा आजार होता. ‘शी’ आली की ‘गो’चं ‘गोज’ होतं, ‘डिड’च्या मागे ‘वेन्ट’ येत नाही, वाक्य मोठ्या अक्षरानं सुरू होतं (आपल्या लिपीत मोठं-छोटं काही नाहीच), या एकेका गोष्टीला महिना महिना लागला.

रोज पाच वाक्यं. पुस्तकातली नाहीत, स्वतःच्या घरातली. दुसऱ्या दिवशी लाल पेन. एकदा पोरीनं लिहिलं, ‘माय ग्रँडमदर सोल्ड द गोट. शी क्राइड.’ रडली कोण, आजी की शेळी, यावर आमच्या घरात रात्री वाद झाला. बाईंनी सकाळी तेवढंच विचारून दुसरं वाक्य तिच्याकडूनच नीट करून घेतलं. साहेब, शिकवणं म्हणतात ते हे. व्हिडिओ बघून होत नाही. व्हिडिओ दिवसभर बोलतो, वही तपासत नाही.

आता वही तशीच पडून असते. उरलेल्या एका गुरुजींकडे पहिलीपासूनचे वर्ग, पोषण आहाराची नोंद, मतदार याद्या आणि तुमच्या खात्याला रोज हवी असलेली ऑनलाइन माहिती. त्यांना काय बोलायचं?

माझं सांगतो. मी चाकणला कंपनीत होतो. हाताला काम येत होतं, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचो. पण शिफ्ट संपताना चार ओळींचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असायचा, तो मला लिहिता यायचा नाही. माझ्याकडून काम शिकलेला पोरगा माझा सुपरवायझर झाला. मी पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकलो, पास झालो, आणि आजारी पडल्याचा एक पाठ केलेला अर्ज सोडला तर काही लिहू शकत नव्हतो. आता तालुक्याला झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर बँकेच्या नोटिसा आणि विम्याचे कागद मशीनवर ठेवतो. लोक विचारतात, ‘दादा, यात काय लिहिलंय?’ मी म्हणतो, वकिलाला दाखवा. ही शरम तुम्हाला कळायची नाही.

२००० साली, रामकृष्ण मोरे मंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. पाव शतक झालं की! गावातल्या मुलांना किती येतं ते घरोघरी जाऊन तपासणारा २०२२ चा ‘असर’ अहवाल काढून बघा: देशातल्या गावांमधल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम पंचवीसांना सोपं इंग्रजी वाक्य वाचता आलं. नुसतं वाचता! लिहिणं त्यात कुणी तपासलंच नाही, तपासलं असतं तर अहवाल छापायला शाई लागली नसती. दहावीला शंभरात पस्तीस पुरतात, त्यातले वीस शाळेच्या हातात. २०१९ ला ते वीस काढले तर निकाल ८९ टक्क्यांवरून ७७ वर आला. मग तुम्ही काय केलंत? शिक्षक दिले नाहीत, गुण परत दिलेत.

२०२३ ला पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घातलीत, ‘माझी नोंद’साठी. दोन वर्षांत ती काढूनही टाकलीत. त्यावर मुलांनी काय लिहिलं हे मंत्रालयातल्या कुणी उघडून पाहिलं का? २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणलीत, जूनअखेर मागे घेतलीत. इथे दुसऱ्या भाषेला माणूस नाही आणि तुम्ही तिसरीवर भांडताय. मराठी अभिजात झाली, ढोल वाजले, आनंद आहे. पण २०१७ ला कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायची यादी काढली, त्याही मराठीच होत्या ना?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला भाषेचा किमान एक शिक्षक लिहिलेला आहे. कायदा संसदेनं केला, शून्य तुम्ही काढलंत. तुमच्या सगळ्यांच्या मुलांपैकी किती जण जिल्हा परिषद शाळेत आहेत, तेवढा आकडा जाहीर करा. आमदार, सचिव, कलेक्टर, सगळे धरून. ज्यांची पोरं इंग्रजी माध्यमात, तेच आम्हाला पटसंख्येचं गणित शिकवणार, आणि आम्ही कर्ज काढून पोरांना तालुक्याच्या इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाडीत बसवलं की पट घटला म्हणून तेच शाळा बंद करणार.

मागणी एवढीच: आमच्या बाई परत द्या, किंवा त्यांच्या जागी दुसरं कुणी द्या. कंत्राटी आणि दोन महिन्यांनी निघून जाणारं नको. आणि त्या साहेबांना विचारा, कुठल्या वर्षीची दिवाळी म्हणाले होते.

आपला,
आठवीतल्या एका मुलीचा बाप