वेणीचं टोक आणि ४२ फूट

म्हापसा

प्रिय बाय,

तुझा मेसेज आला, "आई, तुझं सर्कशीचं पुस्तक वाचलं, छान आहे, पण त्यातली ती पोरगी मी नाहीये." बस, एवढंच. मग तू गप्प आणि मीपण गप्प. फोनवर बोलायला गेलं की आपली जुंपते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते, वाचशील तेव्हा वाच.

आधी रिंगणाचं सांगते, कारण पुस्तकातली जादू फक्त रिंगणाच्या आतच का चालते, बाहेर का नाही, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी उगाच काहीतरी उत्तर दिलं होतं. सर्कशीचं रिंगण जगभर साधारण ४२ फूट व्यासाचं असतं. लंडनमध्ये अ‍ॅस्टली नावाच्या घोडेस्वारानं १७६८ पासून हे गोल गोल पळवणं सुरू केलं आणि करून बघत बघत शेवटी ४२ वर आला. घोडा गोल धावायला लागला की पाठीवर उभा असलेला माणूस आत कलतो आणि ते फिरणंच त्याला तोलून धरतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अगो, जादूचा नियम तर इथंच तयार आहे, आपण कशाला शोधत बसलोय! मग २१ फूट सुंब घेतलं, आपलं अंगण पुरेना म्हणून कापणी झालेल्या शेतात खुंटी ठोकली आणि चुना टाकत गोल फिरले. शेजारची आजी मेरेवरून ओरडली, "मंडप कोणाचा गो?" मी म्हटलं घोड्यांचा. तेव्हापासून ती माझ्याकडे जरा जपून बघते.

विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली पहिली सर्कस उभी केली, तेव्हाचा काळ घेतला असता तर वाघसिंह सगळे मिळाले असते, प्रकाशकही तेच म्हणत होते. पण मला आजचीच सर्कस पाहिजे होती. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ सरकारनं १९९८ मध्ये बंद केले आणि ते बरंच झालं. पण मालकानं एक रिकामा पिंजरा सवयीनं गावोगाव ओढत नेला तर? आणि रात्री त्यातून गुरगुर आली तर? तिथून पुस्तक सुरू झालं. पोरीला झुल्यावर मात्र चढवता येईना, कारण सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवायचं नाही असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलंय आणि ही तर १५ वर्षांची. म्हणून तिला आत्याबरोबर तिकिटाच्या खिडकीत बसवली, ती रात्री चोरून रिंगणात जाते. ही अडचण आली नसती तर पुस्तकातली ती रात्र आलीच नसती, खरंच.

परवा एका शाळेत बोलायला गेले होते. ओळख करून देणारे सर 'बालगोष्टी' म्हणाले, मी दात आवळून हसले. नववीतल्या एका पोरीनं विचारलं, खाली जाळी असते तर भीती कसली? इतका बरा प्रश्न मोठ्यांनी कधी विचारला नाही. मी सांगितलं, जाळीत पडतानाही पाठीवरच पडायला लागतं, पायावर किंवा तोंडावर पडलं तर हाड मोडतं, मान जाते. म्हणजे पडताना मागं काय आहे ते न बघता अंग सोडून द्यायचं.

हे सांगता सांगता मला तू दिसलीस. देवळाच्या तळीत तुला पोहायला शिकवत होते, सहा वर्षांची होतीस, पालथी पडून हात मारायचीस झकास, पण पाठीवर हो म्हटलं की माझ्या मानेला मिठी. पाण्यात नखं रुतायची. तुझं वेणीचं टोक चघळणं मी त्या पोरीला दिलं, ते राहू दे बाजूला, मी खरं चोरलं ते हे पाठीवर पडायचं भय, आणि तुला न विचारता.

बाकी ती तू नाहीसच, ते बरोबर आहे तुझं. ती पळून जाते, तू तर चवथीच्या सुट्टीचं तिकीट दोन महिने आधी काढतेस. पळाले होते ती मी, अकरा वर्षांची असताना, सर्कशीच्या ट्रकमागून तिठ्यापर्यंत, आणि आबांनी सायकलच्या दांड्यावर बसवून परत आणलं, वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या भागाची ४ प्रकरणं झालीत. त्यात ती अजून वेणी चघळतेय. काढू की ठेवू? तू म्हणशील तसं. मावशीबरोबर सोलं आणि उकडे तांदूळ पाठवलेत, हॉस्टेलच्या बाईंना दिसू देऊ नको, खोलीत शिजवतेस ते मला माहितीय.

आई