चेंबरचा नट सोडवून देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,
स. न. वि. वि.

जुन्या मारुती ८०० च्या चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट (जुनं ऑइल काढायचा) तुम्ही सोडवून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण घरी ऑइल बदलणाऱ्या पुष्कळांची गाडी याच नटापाशी अडते.

पहिले आभार पाइप काढून घेतल्याबद्दल. पान्याला लांब पाइप घालून झटका मारायची तयारी झाली होती. ८०० चं चेंबर म्हणजे पातळ पत्रा, आणि नट ज्या आट्यांत बसतो तो तुकडा त्याला वेल्ड केलेला. जोर जास्त झाला की तो तुकडाच पत्र्यासकट पिळतो, मग चेंबर उतरवण्यावाचून इलाज नाही. ॲल्युमिनियमचं चेंबर असेल तर आटे नटाबरोबर बाहेर येतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू दिलं नाहीत, घोड्या (गाडी टेकवायचे पक्के स्टँड) लावायला लावल्यात, तेही बरं केलंत. अडकलेल्या नटाला हिसका दिला की गाडी हलतेच.

दुसरं, स्प्रेचा डबा बाजूला ठेवलात. ‘स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या’ हा सल्ला सायलेन्सरच्या नटांना ठीक. इथे आटे आतून ऑइलमध्येच बुडालेले असतात, त्यांना गंज कुठला? नट धरून ठेवतो तो वॉशर, आणि मागच्या माणसाने गळती थांबवायला दिलेला जादा पीळ. म्हणून तुम्ही हातोडी घेतलीत. नटाच्या डोक्यावर मधोमध पंच धरून पाच-सहा सरळ ठोके, पत्र्याला धक्का न लावता. वॉशरची पकड त्या हादऱ्याने ढिली होते.

इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलेलं. डोक्यावरची माती तारेच्या ब्रशने काढली तेव्हा दोन कोपरे गोल होऊन चकचकीत झालेले दिसले, कुणीतरी बारा कोनी रिंग पाना फिरवल्याची खूण. बारा कोनी पाना फक्त कोपऱ्यांना धरतो, सहा कोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) सपाट बाजूंना. पण इथे १७ ची सहा कोनी गोटीही निसटली. मग तुम्ही १६ ची गोटी ठोकून बसवलीत, तळहाताने वर दाबून धरलीत, आधी केसभर आवळलंत आणि मग उलटं फिरवलंत. कट्ट!

बाहेर आलेल्या नटावर दोन वॉशर होते. जुना पापडासारखा चपटा होऊन चिकटलेला, त्याच्याच वर नवा चढवलेला. अशी जोडी नीट बसत नाही, ऑइल झिरपतं, पुढचा माणूस आणखी आवळतो. रोग तिथेच होता.

१६ चीही निसटली असती तर काय, तेही सांगून ठेवलंत. कॉलरच्या कडेला तिरकी छिन्नी लावून उलट्या दिशेने ठोकायचं, नाहीतर डोक्यावर दुसरा नट वेल्ड करायचा. पण वेल्डिंगआधी डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून घ्यायचं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गॅसची ज्योत ऑइलने माखलेल्या चेंबरखाली न्यायचीच नाही.

बसवतानाचं तुमचं काम तर पाहण्यासारखं. नवा नट, १४ एमएम, दीड पिच (दोन आट्यांत दीड एमएम अंतर), एकच नवा वॉशर. शेवटपर्यंत बोटांनीच फिरवलात. मध्ये जड लागला तर आटे वाकडे धरलेत, काढून परत लावायचा. मग पीळ साधारण ३.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला बारा किलोच्या आसपास ओढ. तुमच्या भाषेत, ‘एका हाताने, दात न खाता’.

आणि हो, गिअरबॉक्सचा नट इंजिनचा समजून उघडणाऱ्यांना तुम्ही हसता ते रास्त आहे. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंच असेल तर आधी भरायचा नट सुटतो का पाहावं, मगच खालचा उघडावा. नाहीतर रिकामा गिअरबॉक्स आणि भरायला वाट नाही.

काढलेला नट दोन्ही वॉशरसकट तुमच्याच गॅरेजच्या खिळ्याला तारेने टांगलाय. भंगारात टाकू नका, नवीन पोरांना दाखवायला राहू द्या.

कळावे,
आपले,
जुन्या आठशेवाले