वही रद्दीत टाकलेली नाही

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद.

वही रद्दीत टाकलेली नाही. स्टँडवर बॅग वर ठेवताना तू म्हणालास, "ती वही देऊन टाक रद्दीत, आई." मी हो म्हटलं, कारण पुण्याची गाडी सुटायला आली होती आणि तुझ्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. घरी आले, तुझ्या कॉटवर बसले आणि तुझी ती रुबिक क्यूबची वही पहिल्या पानापासून वाचून काढली. फोनवर तू "जेवलो, बरं आहे" याच्यापुढं जात नाहीस, म्हणून हे लिहायला घेतलंय.

पहिल्या पानावर तू आठवीत असताना लिहिलेला आकडा आहे: ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. खाली तुझ्या त्या वेळच्या मोठ्या अक्षरात, 'क्यूब इतक्या प्रकारे विस्कटतो.' आजोबांना हा आकडा वाचून दाखवताना तुझीच जीभ अडखळली होती. ते म्हणाले, "एवढ्यातनं वाट काढायची म्हंजे डोळं उघडं ठेवून बसावं लागतंय की रं." तू म्हणालास, "मी डोळे बांधून काढणार आहे." त्यावर ते किती तरी वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे स्वतःचे डोळे तेव्हा काचबिंदूनं जवळजवळ गेलेच होते.

पुढची पानं आपल्या तिघांची. मला आधी वाटायचं, हे नुसतं पाठांतर आहे. मग तू चुलीपुढच्या पाटावर बसून समजावलंस: एक तुकडा त्याच्या घरी न्यायचा, तिथं जो बसलेला असेल तो उठतो, मग त्याला त्याच्या घरी न्यायचं, तिथला उठतो, असं करत सगळे आपापल्या घरी. प्रत्येक घराला एक अक्षर. बारा कडांच्या दोन-दोन बाजू म्हणजे चोवीस, आठ कोपऱ्यांच्या तीन-तीन म्हणजे त्याही चोवीस. बाकीची मुलं इंग्रजी अक्षरं धरतात. तू म्हणालास, "मला इंग्रजी शब्द डोळ्यासमोर दिसत नाहीत, आई. मराठी दिसतात." म्हणून क पासून ह पर्यंतची चोवीस निवडलीस. ण आला तरी न समजायचा, ळ आला तरी ल, श आला तरी स. काना, मात्रा, वेलांटी आपल्या मर्जीची. दोन अक्षरांचा एक शब्द करायचा, शब्दांची गोष्ट करायची. एका क्यूबला साधारण वीस अक्षरं, म्हणजे दहा शब्द, म्हणजे एक छोटीशी गोष्ट.

चोवीस गुणिले चोवीस, पाचशे शहात्तर घरांचा तो तक्ता आपण एका पावसाळ्यात भरला. र-क रंकाळा. ख-स खासबाग. ज-त जोतिबा. द-ध ला तू दूध म्हणालास, आजोबा म्हणाले नुसतं दूध कसं दिसंल, गंगावेशीतलं धारोष्ण लिही, फेसासकट. त्यांनी सांगितलेले शब्द मी आता वाचताना लगेच ओळखते. र-प रापी, चामडं कापायची. ट-च टाच. त-ल तळ. क-न कान, आणि कंसात तू लिहिलंयस, 'चपलेचा, माणसाचा नव्हे'. व-न वर माझी वेणी, चपलेवरची चामड्याची. अर्ध्या तक्त्यात आपल्या घरातलं चामडंच पसरलंय.

एक गोष्ट मात्र मला परवाच लक्षात आली. तक्त्यातली तिरकी चोवीस घरं रिकामी आहेत, कारण एकच अक्षर लागोपाठ दोनदा येत नाही, हे तूच सांगितलं होतंस. मी त्या रिकाम्या घरांवरून बोट फिरवत गेले. प-प वर पप्पा असते. क-क वर काका, म-म वर मामा, द-द वर दादा, न-न वर नाना. आपली सगळी माणसं त्या रिकाम्या घरांतच राहिली. मी तर कुठल्याच घरात नाही, आई या शब्दात व्यंजनच नाही. नात्यातलं माणूस म्हणून तू लिहिलेलं एकच सापडलं. ज-ब, आजोबा.

आता रविवारचं बोलते.

मी स्पर्धा पहिल्यांदाच बघत होते. टायमरवर दोन्ही हात ठेवलेस, हिरवा दिवा लागला, हात उचललेस, क्यूबवरचं झाकण काढलंस. साध्या प्रकारातल्या मुलांना आधी पंधरा सेकंद नुसतं बघायला मिळत होते. तुमच्यात ते नाही, पाठ करायचा वेळही त्याच घड्याळात. तू क्यूब फिरवून फिरवून बघत होतास, ओठ हलत होते. मग पट्टी ओढलीस आणि समोरच्या मुलानं तुझ्या तोंडासमोर पुठ्ठा धरला.

तो पुठ्ठा बघून माझ्या पोटात कालवलं. घरी आजोबा धरायचे ना तुझ्यासमोर, चपलेच्या खोक्याचं झाकण. ज्यांना दिसत नव्हतं तेच पट्टीखालनं तुला दिसू नये म्हणून झाकण धरून बसायचे, हात अवघडला तरी खाली घ्यायचे नाहीत. आणि ऐकायचे. मी वेणी घालत शेजारी असायचे, मला सगळी खटखट सारखीच वाटायची. ते मात्र मला हळूच सांगायचे, "आज लेकरू घाबरलंय, आवाज तुटतोय." आणि खरोखर त्या दिवशी तुझा क्यूब चुकलेला असायचा. ज्या दिवशी आवाज एकसारखा चालायचा त्या दिवशी तू पट्टी काढायच्या आधीच ते म्हणायचे, "झालं बघ." पन्नास वर्षं आरीनं चामड्याला भोकं पाडताना ते त्याच कानानं आत काय चाललंय ते ओळखत आले होते.

पहिल्या वेळी तू म्हणालास, दिव्याखाली एका कडेचा लाल मला केशरी दिसला. ते जाऊ दे, नजरेची चूक. दुसऱ्या वेळी अक्षरं विषम आली आणि मधली जास्तीची चाल करायची राहिली, त्यामुळं शेवटी दोन कोपरे आणि दोन कडा एकमेकांच्या जागी. ती पॅरिटी तू घरीही विसरायचास. पट्टीच्या आत काहीतरी खूण शिवून देईन म्हटलं होतं, पण अंधारात खूण काय दिसणार, आणि खूण करून ठेवणं नियमातही बसत नसणार. तीसुद्धा जाऊ दे.

तिसऱ्या वेळेचं मात्र मला बोलायचंच आहे.

मी मागच्या रांगेत होते आणि डोळे मिटून ऐकत होते. आजोबांनी ऐकलं असतं तसं. बारा कडा झाल्या तोपर्यंत आवाज एकसारखा. तुझ्या हातात इतकी शांत खटखट मी घरीही क्वचित ऐकली. मग कोपरे सुरू झाले. थोडं चाललं. आणि थांबलं. मी डोळे उघडले. तुझे अंगठे क्यूबवर तसेच टेकलेले, मान थोडी खाली. समोरचा मुलगा पुठ्ठा धरून तुझ्याकडं बघत होता. मग तू क्यूब चटईवर ठेवलास आणि टायमरवर हात आपटलास. पट्टी काढायच्या आधीच.

घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद दिसत होते. अजून सहा मिनिटं होती, बाळा. तीनदा बसायचं होतं, त्यातला एक जरी क्यूब दहा मिनिटांच्या आत जमला असता तरी नाव लागलं असतं. तू सहा मिनिटं तशीच सोडून उठलास. मी तुला रागावत नाही. पण तू क्यूब लवकर खाली ठेवलास असं मला वाटतं, आणि हे मी मनात ठेवलं तर तुझ्याशी खोटं बोलल्यासारखं होईल.

गाडीत चढताना तू एवढंच म्हणालास, "ज-ब आलं होतं, आई." आणि आत जाऊन बसलास. मी तिथंच उभी राहिले. गाडी ताराराणी चौकाकडं वळून दिसेनाशी झाल्यावर मला नीट कळलं तू काय सांगितलंस ते.

आजोबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या बाराव्यालाही तू रडला नाहीस. सगळ्यांना चहा देत फिरलास, खुर्च्या उचलल्यास. मला वाटलं पोरगं मोठं झालं. आणि मग भर हॉलमध्ये, डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला चाळीस पोरं, आणि तुझ्या गोष्टीत ते येऊन उभे राहिले. तू त्यांना कसा ओलांडून जाणार होतास? पुढचा शब्द कुठनं आठवणार?

मला क्यूबमधलं फारसं कळत नाही. बोटांचं कळतं, ते सांगते. माझी सगळी वर्षं वेणी घालण्यात गेली. पूर्वी भारनियमनात रोज रात्री तास-दोन तास वीज नसायची, पण सकाळी डझनाचा माल द्यायचा असला की मी अंधारातच वेणी घालायचे. बोटांना वाटेत अडचण नसते. वाद्या आपोआप खालीवर जातात. कुणी दार वाजवलं, तू पाळण्यात रडलास, की हात मध्येच थांबायचा. मग परत हातात धरली की कळायचं नाही आता कुठली वादी वर. तेव्हा अंदाजानं पुढं गेले तर हमखास वेणी पिळली जायची. आणि तशीच खाली टाकली तर वाद्या सैल होऊन सगळीच जायची. सासूबाईंनी शिकवलं होतं, थांबलीस तिथनं पुढं जाऊ नको, तीन घरं उसव आणि तिथनं चालू कर. उसवताना बोटांना आठवतं.

तुला क्यूब उसवता येणार नाही. पण गोष्ट येईल. तू मला एकदा सांगितलं होतंस की कोपऱ्यांची गोष्ट तू नेहमी चित्रं बघत लक्षात ठेवतोस आणि कडांचे शब्द नुसते तोंडात घोळवतोस. म्हणजे कोपऱ्यांचं चित्र तुझ्या डोक्यात होतंच. पुढच्या वेळी असं झालं तर क्यूब खाली ठेवू नकोस. मांडीवर धर, हात हलवू नकोस, आणि गोष्टीत मागं जा. पहिल्या शब्दापासून परत चालत ये. आजोबा तिथं उभे असतील तर असू देत. त्यांना विचार पुढं काय होतं. त्यांनी सगळे शब्द तुझ्या बरोबरीनं भरलेत.

तुला आठवतंय का, तू त्यांना अमेरिकेतल्या त्या ग्रॅहम सिगिन्सबद्दल सांगितलं होतंस? २०२२ साली त्यानं एका तासाच्या आत ६५ क्यूब पाठ केले, डोळे बांधले आणि ६२ सोडवले, तेव्हाचा जगातला विक्रम. आजोबा लगेच म्हणाले, "आणि उरलेल्या तिनांचं काय?" तू म्हणालास, तीन चुकले, ते बासष्टातनं वजा, एकोणसाठ गुण. ते हातातली रापी बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत होते. "म्हंजे तीन चुकूनबी त्यो जगात पयला? आनि त्याला कळलंबी न्हवतं कुठलं तीन?" तू हो म्हणालास. रात्री झोपताना मला म्हणाले, "त्यो पट्टी काढंपर्यंत थांबला बघ."

तुझ्या पप्पांनी उद्या पार्सल करायला वही कापडात बांधून ठेवली आहे. आत तुझ्या टॉवेलचा एक तुकडा आहे, पट्टीची कड नाकाजवळ टोचते म्हणायचास ना, तिथं आतून शिवून घे. हॉस्टेलमध्ये सुईदोरा नसला तर कळव, सुट्टीत शिवून देईन. बटवा भरून शेंगदाण्याचा लाडू पाठवते आहे, चौघांना पुरेल एवढा. एकटा खाऊ नकोस.

वहीत मी पाच रिकामी घरं भरली आहेत, बघ पटतात का. घ-फ आणि य-थ मला अजून सापडले नाहीत, तुझ्या मित्रांना विचार.

आणि ज-ब च्या घरात 'आजोबा' खोडलेलं नाही. खाली छोट्या अक्षरात 'जुब्बा' लिहिलंय. त्यांचा पांढरा जुब्बा अजून दाराआडच्या खुंटीवरच आहे, मी धुवून परत तिथंच अडकवते. ज्या दिवशी ते नकोत असं वाटेल त्या दिवशी नुसता जुब्बा बघ आणि पुढं जा. पेन्सिलनं लिहिलंय. तुला नको वाटलं तर खोडता येईल.

तुझी,
आई