आडवा वारा, खालचा ढग

सॅन होजे, कॅलिफोर्निया

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "वारा सुटला, ढग खाली आले की शहाणी माणसं घरात बसतात. तुम्ही विमान बाहेर कशाला काढता?" बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणजे काळजी तुम्हाला जास्त आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

'खराब हवा' असं एकच काही नसतं. आडवा वारा आणि समुद्रावरून सरकत येणारा खालचा ढग यांच्याशी छोट्या विमानाला जमवून घेता येतं, आणि सगळी मजा त्या जमवण्यात आहे. बर्फ आणि गडगडाटी ढग हे निराळं प्रकरण. तिथे मजा शोधू नये.

आधी वारा. सेसना 172 हे चार जणांचं, एका इंजिनाचं विमान. माणसं आणि पेट्रोल धरून जास्तीत जास्त 1157 किलो, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढं. ते वाऱ्यावर हलणारच. आता पालो आल्टोची धावपट्टी घ्या. ती उत्तरेपासून मोजून 310 अंशांच्या दिशेने आहे, लांबी जेमतेम 745 मीटर. वारा 270 अंशांवरून 18 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) असेल तर कोन 40 अंशांचा. बाबा, इथे तुमची त्रिकोणमिती लागते: 18 गुणिले साइन 40, म्हणजे साडेअकरा नॉट आडवा. डोक्यात करायचं तर 30 अंशांना निम्मा, 45 ला सात दशांश, 60 च्या पुढे जवळजवळ सगळा. या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा 15 नॉट दिलाय. ती कायद्याची मर्यादा नाही. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्याने स्वतःची मर्यादा त्याच्या निम्म्यावर ठेवावी आणि शिक्षकाला शेजारी बसवून ती एकेक नॉटने वाढवावी.

उतरताना विमान आधी खेकड्यासारखं येतं, नाक वाऱ्याकडे आणि वाटचाल धावपट्टीच्या रेषेवर. जमिनीजवळ आलं की पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक रेषेत आणायचं आणि त्याच वेळी हातातलं चाक, म्हणजे योक, वाऱ्याच्या बाजूला वळवून तो पंख किंचित खाली ठेवायचा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, शेवटी पुढचं. हे बरोबर जमलं की रबराचे तीन वेगळे आवाज ऐकू येतात. त्याच्यासारखं सुख नाही.

चूक बहुतेक वेळा यानंतर होते. चाकं टेकली की माणूस सुटलो म्हणून हात सैल सोडतो. पण वेग उतरतो तसा पंखांवरच्या हवेचा जोर कमी होतो, म्हणून योक उलट जास्त वळवत न्यायचा असतो, अगदी टोकापर्यंत. नाहीतर वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि विमान धावपट्टीच्या कडेला ओढलं जातं. वारा झोताझोताने येत असेल, समजा 15 आणि झोत 25 चे, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे 5 नॉट नेहमीच्या वेगात मिळवायचे. त्याहून जास्त नाही, कारण जादा वेगाने आलेलं विमान टेकतच नाही, तरंगत राहतं आणि 745 मीटर बघता बघता संपतात.

हादऱ्यांची भीती आईला जास्त वाटते, पण खरं तर तिथे करायचं थोडंच असतं. वेग कमी करायचा, पट्टे आवळायचे आणि उंचीच्या काट्यामागे न धावता विमान फक्त समतल धरायचं. हा हादऱ्यांचा वेग पूर्ण वजनाला 105 नॉट आहे, हलकं असताना 90. विमान हलकं आणि वेग मात्र कमी, हे उलटं वाटेल. पण हलकं विमान त्याच झोताने जास्त जोरात उचललं जातं, म्हणून. उन्हाळ्यात दुपारी अल्टामाँट खिंडीतून पश्चिमेचा वारा असा घुसतो की तिथे पवनचक्क्यांचं रान उभं केलंय. तिकडे सकाळीच जावं.

आता ढग. इथे उन्हाळ्यात पॅसिफिकचं पाणी गार आणि वरची हवा गरम असते. त्या झाकणाखाली समुद्राचा दमट थर अडकतो आणि रात्री किनाऱ्यावर पसरतो. सकाळी त्याचा तळ 900 फुटांवर आणि माथा 1800 वर असला, तर मिनिटाला 600 फुटांनी चढणारं विमान दीड मिनिट ढगात असतं. फक्त दीड मिनिट, पण बाहेर सगळं पांढरं. इलिनॉय विद्यापीठात 1954 साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 पायलटांना बाहेरचं काही दिसू न देता उडवलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत.

दोष कानाचा असतो. सावकाश सुरू झालेलं वळण कानातल्या द्रवाला कळतच नाही, आणि कळलं तरी वीसेक सेकंदांत तो त्याला सरावतो. मग कललेलं विमान सरळ वाटतं आणि सरळ केलेलं कललेलं. कललं की नाक झुकतं, वेग वाढतो. घाबरून योक ओढला की वर जाण्याऐवजी वळण आणखी आवळतं. सोडवायचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाचा जोर कमी, मग पंख सपाट, मग हळूच नाक वर. क्रम उलटा झाला की संपलं.

म्हणून ढगात शिरायचा वेगळा परवाना असतो. त्याच्या सरावात घाण्याच्या बैलासारखी झापड लावून फक्त काटे वाचायचे. नजर कृत्रिम क्षितिजावरून (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) दिशेकडे, परत क्षितिजावर, मग उंची, परत क्षितिजावर. कुठल्याही एका काट्यावर ती रेंगाळली की दुसरा सरकतो. परवाना मिळाला म्हणून काम संपत नाही. गेल्या सहा महिन्यांत उपकरणांवर सहा वेळा विमान धावपट्टीपर्यंत आणलेलं नसेल, तर प्रवाशांना घेऊन सोडाच, एकट्यानेही ढगात जाता येत नाही.

निघण्यापूर्वीचा हिशेब मला उडण्याइतकाच आवडतो. पोहोचायच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगाचा तळ 2000 फुटांखाली किंवा दिसण्याचं अंतर 3 मैलांखाली असण्याचा अंदाज असेल, तर दुसरा विमानतळ आधीच लिहावा लागतो. पेट्रोल तिथवर पुरून वर 45 मिनिटांचं उरायला हवं. टाक्यांत वापरता येण्याजोगं 200 लिटर बसतं आणि तासाला 35 च्या आसपास जळतं. उन्हाळ्यात हा दुसरा विमानतळ डोंगरापलीकडे आत, ट्रेसी किंवा स्टॉकटनला ठेवायचा, तिकडे लख्ख ऊन असतं. हिवाळ्यात उलटं. तेव्हा आतल्या खोऱ्यात जमिनीला चिकटून धुकं बसतं आणि किनारा मोकळा असतो. उतरताना ठरलेल्या उंचीपर्यंत, चांगली सोय असेल तिथे 200 फुटांपर्यंत, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर पूर्ण जोर देऊन वर. "अजून थोडं खाली बघू" हा विचार माणसं मारतो.

बर्फाचं थोडक्यात. हजार फुटांना साधारण 2 अंशांनी हवा गार होते, म्हणून हिवाळी पावसात वरचे ढग शून्याखाली असतात. तरी त्यांतलं पाणी द्रव असू शकतं आणि पंखाला लागताच गोठतं. या विमानाला ते झाडायची सोय नाही. वेग मोजणाऱ्या नळीला तेवढी गरम करायची कळ असते, तीही ढगात शिरण्याआधी दाबायची. नळी आणि तिचं निचऱ्याचं भोक दोन्ही बुजलं, तर वर चढताना वेगाचा काटा खोटाच वाढत जातो. पायलट नाक आणखी वर करतो आणि विमान पडतं. गडगडाटी ढगापासून 20 मैल लांब. टॅबलेटवरचं रडारचं चित्र 15-20 मिनिटं शिळं असू शकतं, त्यामुळे त्यात फट शोधत जाणं हा शुद्ध वेडेपणा.

आणि एवढं सगळं करून मिळतं काय? ढगाचा माथा फोडून वर आलं की खाली कापसाचा समुद्र आणि त्यातून डोकं काढलेली माउंट हॅमिल्टनची वेधशाळा. आणि ढगावर विमानाची सावली, तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. बाबा, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं तेच इंद्रवज्र. त्याचा मध्य बघणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीवर असतो, म्हणजे ज्याचं त्याला वेगळं दिसतं.

जूनमध्ये याल तेव्हा सकाळी नऊला वॉटसनव्हिलकडे जाऊ. दक्षिणेला जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून सावली उजवीकडे पडते. बाबा पुढे उजवीकडे बसा, आई त्यांच्या मागे. पंख डोक्यावर असतो, खालचं काही झाकत नाही. बाबा, पाय पेडलवर ठेवायचे नाहीत, ती माझ्या पेडलना जोडलेली असतात. निघण्याआधी दोघांचं वजन विचारीन, आईने खरं सांगावं. कापसाचे बोळे आणू नका, हेडसेट असतो. आलेपाकाच्या वड्या मात्र आणा. मळमळीवर त्या चालतात, आणि इथल्या दुकानातल्या आल्याच्या गोळ्यांना ती चव नाही.

तुमची,
धाकटी