कॅमेरा विकला, खातं गोठलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कराडात २६ वर्षं लग्नांचे फोटो काढले. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा दुकान आवरलं आणि कॅमेरा व ७०-२०० ची लेन्स ऑनलाइन विकायला काढली. पहिला फोन आला तो 'लष्करातल्या साहेबां'चा. वस्तू न बघता, घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यायला तयार. फक्त त्यांनी धाडलेला क्यूआर कोड मी स्कॅन करून पिन टाकायचा! पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता आमच्या भाजीवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. तसं सांगितल्यावर साहेबांनी फोन ठेवला.

खरं गिऱ्हाईक पुण्याहून आलं. तिशीचा पोरगा. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, तपासला, लेन्स उजेडात धरून बुरशी शोधली, चहा घेतला. ९२ हजारांना सौदा ठरला. स्टुडिओच्या जुन्या बिलबुकात दोन्हींचे सीरियल नंबर लिहून त्याची सही घेतली. रक्कम दोन खेपांत आली, ४६ आणि ४६ हजार. दुसऱ्या खेपेला पाठवणाऱ्याचं नाव भलतंच दिसलं. विचारलं तर म्हणाला, "दाजींच्या खात्यातून टाकले काका, माझी आजची लिमिट संपली." तिथेच थांबायला हवं होतं, ही चूक माझीच. पण पैसे खात्यात दिसत होते आणि कॅमेरा त्याच्या बॅगेत गेला होता.

सतराव्या दिवशी किराणा दुकानात पेमेंट होईना. बँकेत कळलं, 'सायबर होल्ड' आहे. कुणाला तरी फसवून काढलेले पैसे त्या 'दाजीं'च्या खात्यातून फिरले होते. ज्याचे गेले त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैसे जिथे जिथे पोचले ती खाती अडवली गेली. त्या माणसाने वेळेत फोन केला, बरंच केलं. माझं म्हणणं पुढचं आहे. वादातली रक्कम ४६ हजार; अडकले माझे १ लाख ८३ हजार. विम्याचा हप्ता परत गेला, त्याचा दंडही माझ्याच माथी.

तक्रार परराज्यातल्या ठाण्यात. बँक म्हणते पोलिसांना भेटा, ठाण्यात फोन लागलाच तर म्हणतात कागद ईमेल करा. बिलाचा फोटो, सीरियल नंबर, चॅट, सगळं तीनदा पाठवलं. ओळखीच्या वकीलसाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांनी जप्ती केली, तर दंडाधिकाऱ्यांना तातडीने कळवावं लागतं. आणि संशयित रकमेपुरतंच खातं अडवावं, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच म्हटलं आहे. हे मी काउंटरवर बोललो, तर समोरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, आम्हाला वरून आलंय."

त्या 'वर'च्यांना एवढंच सांगणं आहे की होल्ड वादातल्या रकमेवरच लावा, आणि तक्रार क्रमांक, ठाणं व रक्कम त्याच दिवशी खातेदाराला लेखी द्या. जबाब आपल्याच जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात घेतला, तर माझ्यासारख्याला दुसऱ्या राज्याची वारी घडणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली यूपीआयची 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय, बंद झालीच ना? तिच्यावरूनही माणसं फसतच होती. मनावर घेतलं तर हेही बदलता येईल.

दोन फ्लॅश आणि ट्रायपॉड अजून कपाटात आहेत. विचारणा येते. मी आधी गिऱ्हाइकाचं नाव विचारतो, मग पैसे ज्या खात्यातून येणार त्यावरचं. एवढ्यावरच आतापर्यंत दोघांनी फोन ठेवला.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, कराड