ग्रंथालय उघडं किती वेळ असतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयाची बातमी वर्तमानपत्रात बहुधा दोनदाच येते. एकदा नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं तेव्हा आणि एकदा जुन्या इमारतीचं छत गळायला लागतं तेव्हा. मधली सगळी वर्षं तिथे काय चालतं, याची फारशी कुणी दखल घेत नाही. मी त्या मधल्या वर्षांतला सभासद आहे, म्हणून हे पत्र.

मोठ्या शहराच्या ग्रंथालयाची खरी चैन मध्यवर्ती इमारतीत नसून घराजवळच्या शाखेत असते. शाखा लहान असली, कपाटं मोजकी असली तरी सगळ्या शाखांची यादी एक असली की साऱ्या शहरातली पुस्तकं आपलीच. हवं ते पुस्तक यादीत शोधायचं, आपल्या नावावर राखून ठेवायला सांगायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला धूळ खात पडलेली प्रत काही दिवसांत आपल्या शाखेत हजर होते. न्यूयॉर्कमध्ये तर २०१० पासून या कामाला भलंमोठं यंत्रच बसवलेलं आहे. ते पुस्तकावरचा बारकोड वाचतं आणि पुस्तक ज्या त्या शाखेच्या खोक्यात टाकतं. पण गाडी आणि गाडीवरचा माणूस असला तर यंत्रावाचूनही काही अडत नाही.

शाखेतली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे राखीव पुस्तकांचं कपाट. प्रत्येक पुस्तकातून एक चिठ्ठी डोकावत असते. तिच्यावर वाचकाचं अर्धंमुर्धं नाव आणि अमुक तारखेच्या आत न्या, अशी ताकीद. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाला खेटून एखादी जाडजूड कादंबरी, तिच्यापलीकडे मधुमेहींचा आहार, मग बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चाली. कोण काय वाचतंय ते कळत नाही, कळूही नये. पण आपल्या गल्लीबोळांत माणसं वाचताहेत, हे तिथे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. ‘हल्ली कुणी वाचत नाही’ असं भाषणातून सांगणाऱ्यांनी एकदा हे कपाट बघून यावं.

आता मुद्द्याचं. ग्रंथालयाला मदत करायची म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी सुचतात: देणगी देऊन दारावर नाव लावणं आणि घरातली रद्दी नेऊन टाकणं. दुसऱ्या प्रकाराबद्दल स्पष्टच बोलतो. वाळवी लागलेले विश्वकोशाचे सुटे खंड आणि दहा वर्षांपूर्वीची करविषयक पुस्तकं दान केल्याने पुण्य लागत नाही, ग्रंथपालाचा एक दिवस वाया जातो. पुस्तकं द्यायचीच असतील तर आधी विचारावं, ‘काय हवंय?’

अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. त्याची अट मला फार शहाणपणाची वाटते. जागा गावाने द्यायची आणि आपण दिलेल्या रकमेच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवण्यावर खर्च करायची. हे कबूल असेल तरच इमारत. १९०१ मध्ये त्याने न्यूयॉर्कला ५२ लाख डॉलर देऊ केले, तेही एका प्रासादासाठी नव्हे, तर वस्त्यावस्त्यांतल्या शाखांसाठी. इमारत एकदाच बांधायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो, हे त्या व्यापारी माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आपले डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’, हा वाचायला अगदीच साधा वाटतो. पण त्याच नियमाखाली ते ग्रंथालयाची जागा, फर्निचर, कर्मचारी आणि ग्रंथालय उघडं असण्याची वेळ यांचाही विचार करतात. नोकरदार माणूस कामावर जातो तेव्हा उघडायचं आणि तो परतायच्या आत कुलूप लावायचं, अशा ग्रंथालयातली पुस्तकं कुणाच्या उपयोगाची? पुढे १९४८ मध्ये मद्रास प्रांतात ग्रंथालय कायदा झाला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची सोय होती. त्यामागे रंगनाथन यांचेच प्रयत्न होते.

काटकसर करायची पाळी आली की पहिला घाव ग्रंथालय उघडं असण्याच्या वेळेवरच पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पालिकेने खर्चाला कात्री लावली आणि रविवारी उघड्या असणाऱ्या बहुतेक शाखांचा रविवार बंद झाला. वाचकांनी आणि ग्रंथालयांनी विषय लावून धरला, नगरसेवकांनी साथ दिली, तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात पैसे परत मिळाले आणि रविवारही. तिथल्या लोकांनी पुस्तकांवरच्या प्रेमाची भाषणं केली असतील-नसतील, पण अंदाजपत्रकाच्या वेळी ते गप्प बसले नाहीत.

वाचकाच्या हातातही बरंच असतं. मुख्य म्हणजे पुस्तक घरी नेणं. शाखेचा कारभार शेवटी देवघेवीच्या आकड्यांवर जोखला जातो आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं पुस्तक जागेअभावी कधीतरी बाद होतं. म्हणून आवडता कवितासंग्रह घरी असला तरी मी तो मधूनमधून ग्रंथालयातून नेतो. लबाडी म्हणा हवं तर. ई-पुस्तकांचा हिशेब मात्र उलटा आहे. ती झिजत नाहीत, पण ग्रंथालयाने त्यांच्यासाठी घेतलेला परवाना संपतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये २६ वेळा वाचकाला दिल्यावर परवाना संपेल, असा नियम केला. काही प्रकाशक ठरावीक मुदतीनंतर पुन्हा पैसे घेतात. तेव्हा वाचायचं नसलेलं ई-पुस्तक उगाच उतरवून ठेवू नये.

दंडाबद्दल माझं मत अनेक सभासदांना पटत नाही. शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१ मध्ये उशिराचा दंड बंद केला. पुस्तक हरवलं तर भरपाई आहेच, पण उशीर झाला म्हणून पैसे नाहीत. दंडाच्या धास्तीने ग्रंथालयाची पायरी चढणं सोडतात ती हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं. ज्याला परवडतं तो दंड भरून पुस्तक खुशाल महिनाभर ठेवतो. शिस्त कुणाला लागली मग?

आपल्याला एक विनंती. यापुढे ग्रंथालयाच्या भूमिपूजनाचा फोटो छापाल, तेव्हा त्याखाली दोन गोष्टी जरूर द्या: ते चालवायला दरवर्षी किती रकमेची तरतूद केली आहे आणि ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं राहणार आहे. संबंधितांकडे उत्तर नसेल तर ‘उत्तर मिळाले नाही’ असंच छापा.

आपला,
एक सभासद वाचक