डफरीन म्हणजे काय?

रत्नागिरी
१४ जुलै

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. नातीने तुला विचारलं, "आजोबा, डफरीन म्हणजे काय?" आणि तुला सांगता येईना. आपण दोघं सोलापूरच्या डफरीन दवाखान्यात जन्मलो, डफरीन चौकातून वर्षानुवर्षं सायकली हाणल्या, आणि हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही! मग चार दिवस मी दुसरं काही वाचलंच नाही.

डफरीन हे आडनाव नव्हे, किताब आहे. घराणं ब्लॅकवूडांचं, मूळचं स्कॉटलंडमधल्या फाइफचं. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून माणसं समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यात येत होती, त्यांतलेच हे. त्यांच्या आधी आलेला जेम्स हॅमिल्टन एअरशरमधल्या डनलॉपच्या पाद्र्याचा मुलगा. त्याने ओनील घराण्याच्या जमिनी मिळवल्या आणि १६२२ साली तो व्हायकाउंट क्लॅनबॉय, म्हणजे सरदार झाला. क्लॅनबॉय हे नाव ओनीलांच्याच एका शाखेचं. जमीन घेतली आणि नावही घेतलं. मला हे फार लागलं, का ते पुढे कळेल.

या हॅमिल्टनांचा वारसा डॉर्कस नावाच्या बाईकडे आला. तिचं लग्न सर जॉन ब्लॅकवूडशी झालं होतं. आयर्लंडची संसद ब्रिटनच्या संसदेत विलीन करायचं घाटत होतं, त्याला सर जॉनचा कडवा विरोध. विरोधात मत द्यायला डब्लिनला निघताना बूट चढवतानाच त्याने प्राण सोडला, असं घराण्यात सांगत. १७९९ ची गोष्ट. मुलाने मात्र विलीनीकरणाला पाठिंबा दिला आणि १८०० साली विधवा आई डफरीन आणि क्लॅनबॉयची बॅरोनेस झाली. नवऱ्याने ज्याला जन्मभर विरोध केला, त्याचंच हे बक्षीस. ते स्वीकारताना तिच्या मनात काय आलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपला डफरीन तिचा पणतू, फ्रेडरिक. १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. मुंबईत काँग्रेस भरली ती त्याच्याच कारकिर्दीत. बायकांना बायकांच्या हातून औषधोपचार मिळावेत म्हणून त्याची पत्नी हॅरियट हिने १८८५ साली निधी उभारला. गावोगावचे डफरीन दवाखाने तिच्या नावाचे, आपलाही. माझ्या आईने मला तिथे जन्म दिला, म्हणून त्या बाईविषयी माझ्या मनात खरी कृतज्ञता आहे.

पण त्याच वर्षी नवऱ्याने ब्रह्मदेशावर फौज धाडली. राजधानी मंडाले पडली, तिथल्या थिबा राजाला पकडून इथे, माझ्या रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ साली इथेच वारला. आणि १८८८ साली फ्रेडरिकला नवा किताब मिळाला, मार्क्विस ऑफ डफरीन अँड आवा. आवा ही ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. अरुण, पुन्हा तेच! मी रोज संध्याकाळी थिबा पॅलेसवरून फिरून येतो. ज्याचं राज्य गेलं तो इथे समुद्राकडे बघत बसला, आणि त्याच्या राजधानीचं नाव आयर्लंडच्या एका वाड्यातल्या माणसाने लावलं.

पुढचं वाचताना अंगावर काटा आला. फ्रेडरिकचा थोरला मुलगा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात १९०० साली गेला. धाकटा मुलगा, तिसरा मार्क्विस, १९३० साली विमान अपघातात गेला. नातू, चौथा मार्क्विस, १९४५ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशातच लढताना मारला गेला, त्याच आव्याच्या मुलखात. पाचव्याला मूलबाळ नव्हतं. १९८८ साली तो गेला आणि बरोबर शंभर वर्षांनी 'आवा' संपलं.

डॉर्कसबाईची बॅरनी, म्हणजे तिला मिळालेला तो जुना किताब, मात्र टिकली. ती तिच्या सगळ्या मुलांच्या पुरुष वंशजांना लागू होती. तिचा धाकटा मुलगा हेन्री, ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनबरोबर असलेला, त्याच्या वंशात ती गेली, तीही थेट ऑस्ट्रेलियात.

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. डफरीन हा डाउन परगण्यातला एक जमिनीचा पट्टा. मूळ शब्द आयरिश, अर्थ 'काळा तिसरा हिस्सा'. तिला एवढं सांग, आणि चौकातून जाताना तिलाच ते मोठ्याने म्हणायला लाव.

पाऊस उघडला की वहिनींना घेऊन ये. पॅलेसच्या सज्जातून खाडी दाखवतो.

तुझा,
वसंत